चौथ्या खणातली चीर

राळेगावात कळंब रोडला लागलं की डाव्या हाताला 'देवराव मोटर रिवायंडिंग' अशी पाटी दिसते. देवराव जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान चालवतात त्यांच्या पत्नी मथुराबाई, आणि खरं सांगायचं तर देवराव होते तेव्हाही जळालेल्या मोटारी बऱ्या करणाऱ्या त्याच होत्या. देवराव पुढे बसून गिऱ्हाइकांशी बोलायचे, चहा पाजायचे. मागच्या पत्र्याच्या खोलीत मथुराबाई तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसायच्या. मी एकदा म्हटलं, बाई, आता पाटीवर तुमचं नाव टाका. त्या म्हणाल्या, "लोकायले दुकान सापडते ना जी? मंग त्या पाटीनं आपलं का घोडं मारलं?"

मी हरिसिंग राठोड. अठ्ठावीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिकलचा इन्स्ट्रक्टर होतो. आता निवृत्त आहे. दुसऱ्याच्या चुका काढायची खोड मात्र निवृत्त झालेली नाही. रोज सकाळी पेपर वाचायला म्हणून मी त्यांच्या दुकानात जाऊन बसतो, पेपर कमी वाचतो आणि फुकटचे सल्ले जास्त देतो. त्या सगळं ऐकून घेतात आणि मग त्यांना पटेल तेच करतात.

आमची पहिली भेट मात्र दुकानातली नाही. सत्त्याण्णव साली त्या मी शिकवत होतो तिथे आल्या होत्या, कडेवर लेकरू, हातात अर्ज. मोटर वायंडिंगच्या सहा महिन्यांच्या वर्गात बसायचं होतं. आठवी पास होत्या, म्हणजे अट पुरी होती. मी वर्गातल्या पंचवीस पोरांकडे पाहिलं, मग या बाईकडे पाहिलं, आणि अर्जावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'अयोग्य'. खाली सही केली. कारण लिहिलं नाही, कारण नव्हतंच. तांड्यावरून उपाशीतापाशी शिकून वर आलेला मी. माझ्या अर्जावर कोणी असं लिहिलं असतं तर जन्मभर जळत राहिलो असतो. मथुराबाई कागद घेऊन गेल्या. पुढे ओळख झाली, घरोबा झाला, पण तो विषय त्यांनी कधी काढला नाही. त्या विसरल्या असतील असं मी मानत होतो. तसं मानणं मला सोयीचं होतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मथुराबाईंची सून प्रियंका ही बचत गटाच्या फवारणी ड्रोनची पायलट. गटातल्या बायांमधून तिची निवड झाली, तिने बाहेरगावी राहून प्रशिक्षण घेतलं, परीक्षा दिली आणि परवाना आणला. तो आला त्या दिवशी मथुराबाईंनी दुकान बंद ठेवलं होतं; देवरावांच्या तेराव्या दिवसानंतर पहिल्यांदाच. नाही, चुकलो, बौद्धाघरी तेरावा नसतो. पुण्यानुमोदनाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच. गेल्या वर्षी प्रियंकाने कपाशीच्या दोनशेवर एकरांत फवारणी केली. डोक्याला टोपी, हातात रिमोट, आणि बांधावर तिला बघायला अर्धं गाव.

यंदा ऑगस्टमध्ये मात्र घात झाला. गटाच्या अध्यक्ष विमलताईंच्या वावरात मशीन उतरत असताना वाऱ्याचा झोत आला, एक पाय धुऱ्यावर, म्हणजे बांधावर पडला आणि मशीन डाव्या अंगावर आपटलं. पंखा मोडला, तो बदलला. बाकी कुठे ओरखडासुद्धा नव्हता. पण त्या दिवसापासून टाकी भरली की मशीन थरथरायचं आणि डावीकडे ओढायचं. कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर नयन आला. शहाणा, कामसू पोरगा. त्याने पंखे पेलणारे सहाही पोकळ दांडे डोळ्यांखालून घातले, नाण्याने ठोकून आवाज ऐकला, टॉर्च लावून नळीच्या आत पाहिलं, रिकाम्या टाकीवर उडवून पाहिलं. सगळं ठीक. मग तो चारचौघांत म्हणाला, "मशीनमध्ये दोष नाही. पडल्यापासून पायलटचा हात घाबरतो आहे, तो थरथराट मशीनमध्ये येतो."

प्रियंकाचं तोंड एवढंसं झालं. विमलताई वाईट बाई नाहीत, पण गट त्यांना चालवायचा आहे. टाकी भरायला मशीनच्या आसपास बाया उभ्या असतात. त्यांच्यापैकी कुणाला लागलं तर जबाबदार कोण? त्यांनी सांगितलं, सोमवारी बैठक घेऊ आणि दुसरी परवानेवाली बोलावून रिमोट तिच्या हातात देऊ. म्हणजे परवाना प्रियंकाच्या पेटीत आणि प्रियंका पुन्हा चुलीपाशी.

शुक्रवारी सकाळी प्रियंका मालवाहू ऑटोत ड्रोन घालून दुकानात आली. "आई, माह्या हातात घबराट नाही," ती म्हणाली. "मले मशीन आजारी वाटते. पण दाखवू कसं?"

मथुराबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "दांडे कायचे हायेत?"

"कार्बन फायबरचे."

"कार्बन म्हंजे आपल्या मोटारीच्या ब्रशमधला असते तोच ना? मंग त्याच्यातून करंट जात असन."

मी पेपर खाली करून हसलो. म्हटलं, बाई, ते प्लास्टिकच आहे, वरून काळं केलेलं. मल्टिमीटरच्या सुया दांड्यावर टेकवून दाखवल्या. मीटरने काहीच दाखवलं नाही. मी मिशीवर हात फिरवला.

ज्याचा पंखा मोडला होता तो डावीकडचा मागचा दांडा मथुराबाईंनी चार बोल्ट काढून सोडवला, त्याच्या कापलेल्या कडा निरखल्या आणि दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्पच्या वायरी लावल्या. बल्ब लागला. "वरून चकाकी दिसते ना, थे राळेचं आवरण हाये, सर," त्या म्हणाल्या. "आपल्या तारेवर वार्निश असते तसंच. आत काळे धागे हायेत, केसाहून बारीक, हजारो. आपटून त्यातले काही तुटले असतीन, तर तेवढ्याच ठिकाणी करंटले जाऊ देणारे कमी राह्यतीन. वरून दिसणार नाही. पण करंटले समजन."

माझी मिशी जागच्या जागी राहिली. तरी हार कशी मानायची? मी दांड्यावर दोन ठिकाणी पॉलिश पेपर मारून चकाकी काढली आणि मल्टिमीटर ओहमवर लावून रेझिस्टन्स मोजायला बसलो. एकदा शून्य पॉइंट नऊ, एकदा एक पॉइंट चार, एकदा पॉइंट सात. सुई जोरात दाबली की आकडा खाली, हात सैल पडला की वर. अर्धा तास घाम गाळून मी निकाल दिला, "याच्यात काही राम नाही. हे मोजताच येत नाही."

"सर," मथुराबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या सुयांचा आन वायरींचाच अडथळा त्या दांड्याहून जास्त हाये. तुम्ही दांडा नाही मोजून राह्यले, तुमचा हात मोजून राह्यले. आर्मेचर आपण असं तपासतो का?"

मला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. मिक्सरच्या मोटारीत फिरणारा जो गाभा असतो, ज्याच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्या गोल बसवलेल्या असतात, ते आर्मेचर. त्यातली कोणती गुंडाळी खराब आहे हे शोधायला रिवायंडिंगवाले अख्ख्या आर्मेचरमधून बॅटरीचा करंट सोडतात आणि शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर सुया टेकवून किती मिलिव्होल्ट पडतात ते बघतात. सगळीकडे सारखे पडले तर ठीक. एखाद्या ठिकाणी वेगळे पडले तर आजार तिथे. करंट नेणाऱ्या वायरी वेगळ्या आणि मोजणाऱ्या सुया वेगळ्या, म्हणून हाताच्या दाबाने फरक पडत नाही. याला ड्रॉप टेस्ट म्हणतात. अठ्ठावीस वर्षं दर बॅचला मी ही फळ्यावर आकृती काढून शिकवली होती. ती आर्मेचरच्या बाहेर कुठे नेता येईल असा विचार एकदाही माझ्या डोक्यात आला नव्हता.

प्रियंकाला कळावं म्हणून मथुराबाई म्हणाल्या, "ठिबकच्या नळीत कुठंसा कचरा अडकला तर त्याच जागी पाण्याचा जोर तुटते ना? तसंच समज."

मग त्या कामाला लागल्या, आणि त्यांचं काम बघणं हे माझं सकाळचं खरं वर्तमानपत्र आहे. दांड्यावर चार-चार बोटांच्या अंतराने त्यांनी चकाकी घासून सहा अरुंद पट्टे केले. फक्त चकाकी, धाग्याला धक्का नाही. घासताना ओलं फडकं, तोंडाला पदर. प्रत्येक पट्ट्यावर उघड्या तांब्याच्या तारेचा एकेक घट्ट फेरा आवळला. सहा फेरे, त्यांच्यामध्ये पाच खण. दोन्ही टोकांना रुंद गुंडाळी करून मोटारसायकलची बॅटरी जोडली आणि करंट आटोक्यात राहावा म्हणून मध्ये गाडीचा बल्ब टाकला. तापलेल्या पत्र्याच्या धगीने आकडे हलू नयेत म्हणून सगळं पत्र्याखालून काढून निंबाच्या सावलीत मांडलं. मला म्हणाल्या, "बॅटरीचा चिमटा धरा, सर. हात हलवू नका."

मी धरला. पहिला खण, एकतीस मिलिव्होल्ट. दुसरा तीस. तिसरा एकतीस. चौथा चव्वेचाळीस. पाचवा एकतीस.

प्रियंका उडालीच. मीही मनातून उडालो होतो, पण मास्तरकी आडवी आली. म्हटलं, चौथा फेरा सैल असेल. त्यांनी तो सोडून पुन्हा आवळला. चव्वेचाळीस. म्हटलं, बॅटरी खालीवर झाली असेल. त्यांनी पहिला खण परत मोजून दाखवला. एकतीस. म्हटलं, दांडाच मुळात असा बनला असेल. यावर त्या पहिल्यांदाच खूश झाल्या. "हे बरं बोलले, सर." तीन फेजच्या मोटारीत एक गुंडाळी आजारी आहे की नाही हे त्या पुस्तकात बघत नाहीत, उरलेल्या दोघींशी ताडून बघतात. तसा त्यांनी उजवीकडचा दांडा काढला आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून केला. पाचही खण तीस-एकतीस. मग डाव्या दांड्याच्या चौथ्या खणात दोन बोटांवर, एका बोटावर मोजत मोजत त्या पुढे गेल्या आणि एका जागी खडूने गोल रेघ मारली.

"चीर इथं हाये," त्या म्हणाल्या. मी त्या जागेवरून नख फिरवलं. काचेसारखी गुळगुळीत.

सोमवारी विमलताईंच्या अंगणात बैठक भरली. गटातल्या पंधरा-वीस बाया, नयन आणि मी. प्रियंकाने आकडे वाचून दाखवले. नयन नीट ऐकत होता, पण पॉलिश पेपरचे पट्टे पाहून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काकू, दांडा घासला तर कंपनी वॉरंटी देत नाही. आणि वीज लावून तडा शोधायचं यंत्र मोठ्या प्रयोगशाळेत असतं. बल्ब लावून कसं कळेल?"

"कापून पाह्य," मथुराबाई म्हणाल्या.

अंगणात बाया आपसांत दिवस मोजू लागल्या. नवा दांडा यायला दोन आठवडे लागणार होते आणि फवारणीचा हंगाम ऐन भरात होता. विमलताईंनी विचारलं, "आन कापल्यावर चांगला निंघाला तर, मथुराबाई?"

"तर रिमोट दुसरीले द्या. आन राळेगावात सांगून टाका का माह्या दुकानात मोटर टाकू नका म्हणून. पण माह्या सुनेच्या हाताले नाव ठेवाच्या पह्यले हा दांडा कापा."

इतक्या वर्षांचं नाव त्या बाईने एका खडूच्या रेघेवर लावलं होतं. प्रियंकाने त्यांचा हात धरला. दोघींपैकी कुणाचाच हात थरथरत नव्हता, एवढं मी तुम्हाला सांगतो.

मथुराबाईंनी हॅक्सॉ स्वतः घेतली नाही. ती नयनच्या हातात दिली. "तूच काप, बाबू. मंग कोनी म्हननार नाही का बुढीनं तोडला." आधी त्यांनी त्याला दुसऱ्या खणात कापायला लावलं. करवत कुरकुरत गेली, पूर्ण ताकद लागली, आणि कड निघाली ती काळी, भरीव, एकसंध. मग खडूच्या रेघेवर. करवत अर्ध्यावर पोचली असेल नसेल, दांडा 'कट्' करून आपोआप सुटला. नयनने तुकडा उजेडात धरला. नळीच्या जाडीचे कांद्यासारखे पापुद्रे सुटले होते आणि आतल्या बाजूचे काळे धागे तुटून केसांसारखे बाहेर आले होते. वरची चकाकी मात्र शेवटपर्यंत शाबूत.

नयनने तुकडा खाली ठेवला. मग प्रियंकाकडे वळून म्हणाला, "ताई, माझं चुकलं. तुमच्या हातात काही नव्हतं. भरल्या टाकीने हा हवेत सुटला असता तर..." त्याने टाकी भरणाऱ्या बायांकडे पाहिलं. विमलताई उठल्या, आत गेल्या, रिमोटची पेटी आणली आणि सगळ्यांसमोर प्रियंकाच्या मांडीवर ठेवली. अंगणात टाळ्या पडल्या. मी पहिली टाळी वाजवली असा माझा दावा आहे.

नयनने त्याच दिवशी उरलेले दांडे मथुराबाईंकडून तपासून घेतले. सगळे ठणठणीत निघाले. आता त्याच्या सर्व्हिसच्या बॅगेत एक बॅटरी, एक बल्ब आणि तांब्याच्या तारेचं रीळ असतं. दुसऱ्या तालुक्यांतल्या पायलट पोरींना तो सांगतो, हे मी राळेगावच्या काकूंकडून शिकलो. मला याचा इतका अभिमान वाटतो की जणू त्यांना मीच शिकवलं. आणि तिथेच जीभ चावावी लागते.

नवा दांडा आला. बसवण्याआधी मथुराबाईंनी तो मोजला आणि मग विमलताईंच्याच वावरात, सकाळच्या गार वेळी, प्रियंकाने टाकी काठोकाठ भरली. बाया दूर सरकल्या. मशीन उठलं, डोक्याच्या वर गेलं आणि जागेवर असं थांबलं की खाली पडलेली सावलीसुद्धा हलेना. मग ते कपाशीच्या ओळीवरून सरळ निघालं. मथुराबाईंनी पदराने डोळे पुसले. मी खोकल्यासारखं केलं.

मशीन उतरल्यावर त्या दांडा परत मोजायला बसल्या. भार सोसल्यावर आकडे तेच राहतात का, हे त्यांना बघायचं होतं. वावराच्या बांधावरच्या निंबाखाली बॅटरी मांडली, बल्ब लावला, आणि पिशवीतून वही काढून माझ्यापुढे धरली. ही वही सगळं राळेगाव ओळखतं. कोणत्या मोटारीला कोणत्या गेजची तार, किती वेढे, हे सगळं त्यात आहे. फुगून ती उशीएवढी झाली आहे. आजवर तिच्यात दुसऱ्या कुणाचं अक्षर पडलेलं नाही.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मथुराबाई, तुम्हाला आठवत नसेल, पण सत्त्याण्णव साली तुमचा एक अर्ज..."

"पह्यलं पान पाहा," त्या सुया टेकवता टेकवता म्हणाल्या.

पहिलं पान म्हणजे वहीला शिवलेला एक जुना, पिवळा पडलेला कागद. त्यावर शाईने लिहिलं होतं: तीन एचपी, पाण्याची मोटर, वेढे बेचाळीस. त्यांनी स्वतः बरी केलेली पहिली मोटर. मी कागद उलटला. पलीकडे त्यांचा अर्ज होता आणि खाली माझं 'अयोग्य', माझ्या सहीसकट.

"मागून कोरा होता ना," त्या म्हणाल्या. "कागद फेकाचा कायले?"

माझ्या डोळ्यांपुढे सगळं धूसर झालं. मी माफी मागायला तोंड उघडलं. मथुराबाईंनी पेन माझ्या बोटांत दिलं आणि वहीचं शेवटचं कोरं पान उघडून दिलं.

"लिहा, सर. एकतीस, तीस, एकतीस, एकतीस, तीस. आन खाली सही करा. तुमचं अक्षर चांगलं हाये. तवाही चांगलंच होतं."

मी पाचही आकडे लिहिले. मग त्यांच्यापुढे लिहिलं, 'योग्य', आणि सही केली.